विरोधकाच्या अंत्ययात्रेला जावे का?

दिल्लीच्या निगमबोध घाटावर २८ डिसेंबर २०२४ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू, पंतप्रधान नरेंद्र मोदी, अमित शहा आणि राजनाथ सिंह तेथे उपस्थित होते. सोनिया गांधी, राहुल गांधी आणि मल्लिकार्जुन खर्गेही होते. दहा वर्षांहून अधिक काळ संसदेत आणि प्रचारसभांत एकमेकांवर तुटून पडलेली माणसे त्या दिवशी एकाच चितेपुढे उभी राहिली. त्याच सुमारास दुसरीकडे वाद पेटला होता. जेथे पुढे स्मारक उभारता येईल अशा जागी अंत्यसंस्कार व्हावेत, अशी काँग्रेसची मागणी होती. स्मारकासाठी जागा देऊ, पण त्याला न्यास स्थापन करण्याची प्रक्रिया आहे, असे सरकारचे म्हणणे होते.

उपस्थिती आणि वाद या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या, आणि विषयाची गुंतागुंत त्यातच आहे. ज्याच्या विचारांशी आयुष्यभर झुंज घेतली, त्याच्या अंत्ययात्रेला राजकीय नेत्याने जावे की नाही? जावे तर कोणत्या नात्याने? तेथे काय बोलावे आणि काय बोलू नये? सरकारी मानवंदना द्यावी की न द्यावी, आणि यात मृताच्या घरच्यांचा शब्द कितपत मोलाचा? एखादा मोठा नेता गेला की हे प्रश्न पुन्हा वर येतात. त्यावर आजवर काय घडले आणि कोणती मते मांडली गेली, ते एकत्र पाहण्याजोगे आहे.

गावची रीत

महाराष्ट्रात या प्रश्नाचे पहिले उत्तर राजकारणाने दिलेले नाही, ते गावाने दिले आहे. लग्नाला गेले नाही तर चालते, पण मातीला गेलेच पाहिजे, असे जुनी माणसे सांगतात. बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊबंदही सरणाला लाकूड लावायला येतात. मरणाबरोबर वैर संपते, हा विचार रामायणातल्या रावणवधाच्या प्रसंगापासून कीर्तनांतून लोकांपर्यंत पोचलेला आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी असलेल्या अफझलखानाच्या कबरीकडेही मराठी परंपरेने दीर्घकाळ याच दृष्टीने पाहिले: शत्रू मारला, पण त्याचा अंत्यविधी त्याच्या धर्माप्रमाणे होऊ दिला. अलीकडे त्या कबरीभोवतीच्या बांधकामांवरून वाद झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बांधकामे पाडण्यात आली.

पुढाऱ्याचे जाणे मात्र शेजाऱ्याच्या जाण्यासारखे नसते. शेजारी जातो तेव्हा तो एकटा जातो. नेत्याबरोबर त्याचा पक्ष, त्याचे मतदार आणि कॅमेरेही जातात. तो गेला तरी त्याचा अर्थ काढला जातो आणि गेला नाही तरी काढला जातो.

पुण्याने घालून दिलेला पाठ

आधुनिक महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ १९ फेब्रुवारी १९१५ या तारखेपासून धरावा लागेल. त्या दिवशी पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन झाले. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली उतरून आले, अंत्ययात्रेला गेले आणि स्मशानात बोलले. गोखल्यांचा त्यांनी देशाचे रत्न म्हणून गौरव केला आणि तरुणांनी त्यांचा कित्ता गिरवावा, असे सांगितले.

या दोघांत काय काय होऊन गेले होते हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या भाषणाचे वजन कळत नाही. संमतिवयाचा वाद, सार्वजनिक सभेवरील ताब्याचा झगडा आणि १९०७ ची सुरतेतली फूट हे सारे मागे होते. मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटून आलेल्या टिळकांना काँग्रेसमध्ये परत घेण्याची बोलणी गोखल्यांच्या मृत्यूच्या काही आठवडे आधीच फिसकटली होती, तीही कडवटपणे. म्हणजे टिळक स्मशानात आले ते समेट झाल्यावर नव्हे, समेट मोडल्यावर.

टिळकांची ही वृत्ती एका दिवसापुरती नव्हती. १८९५ मध्ये आगरकर गेले आणि १९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले. दोघांशीही टिळकांचे टोकाचे मतभेद झाले होते. तरी ‘केसरी’तल्या मृत्युलेखांत त्यांनी दोघांचे मोठेपण मोकळ्या मनाने मांडले. गारठून पडलेल्या महाराष्ट्रात प्राण फुंकण्याचे श्रेय रानड्यांना देणारा तो लेख आजही मराठी मृत्युलेखांचा मानदंड मानला जातो. पुढे १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले, तेव्हा त्यांच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांत गांधीजी आणि शौकत अली होते. गांधीजींचा मार्ग टिळकांना पूर्णपणे पटलेला नव्हता, आणि असहकार चळवळीचा आरंभही नेमका त्याच दिवशी व्हायचा होता.

यापुढचे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे, पण त्याची चर्चा फारशी होत नाही. गांधीजींची हत्या झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अंत्यदर्शनाला गेले. प्रकृती साथ देत नसतानाही ते अंत्ययात्रेत थोडे अंतर चालले. संध्याकाळी ते राजघाटाकडे पुन्हा गेले, पण गर्दी ओलांडून पुढे जाता आले नाही. हे त्यांनी स्वतः फेब्रुवारी १९४८ मध्ये डॉ. शारदा कबीर यांना, म्हणजे पुढे माईसाहेब आंबेडकर झालेल्या त्यांच्या भावी पत्नींना, पत्रातून कळवले. गांधीजींचा देह पाहून आपण हललो, असे त्या पत्रात आहे. थोर माणसे देशाची सेवा करतात तशी कधी कधी देशाच्या प्रगतीत अडथळाही ठरतात, हे परखड मतही त्याच पत्रात आहे. पुणे करारापासूनचा विरोध त्यांनी चितेपाशी सोडला नाही आणि विरोध होता म्हणून जाणेही टाळले नाही. गेल्याने मताचा त्याग होतो असे मानणाऱ्यांना आणि जायचे तर टीका गिळलीच पाहिजे असे मानणाऱ्यांनाही हे पत्र उत्तर देते.

जावे म्हणणारे

जाण्याच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा, की लोकशाहीत प्रतिस्पर्धी असतो, शत्रू नसतो. निवडणुकीत ज्याला हरवायचे, त्याचे अस्तित्व आणि त्याच्या मागच्या लोकांचे दुःख आपण मान्य करतो, हे दाखवण्याची अंत्ययात्रा ही सर्वांत ठळक जागा आहे. मे १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर जनसंघाचे तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांनी राज्यसभेत केलेले भाषण या संदर्भात नेहमी आठवले जाते. पुढे १७ ऑगस्ट २०१८ रोजी वाजपेयींच्या अंत्यसंस्काराला राहुल गांधी आणि मनमोहन सिंग उपस्थित होते.

तामिळनाडूत पेरियार आणि राजाजी यांची कहाणी याहून खोल आहे. एक नास्तिक, ब्राह्मणेतर चळवळीचा सेनापती. दुसरा धर्मनिष्ठ ब्राह्मण आणि राज्याचा मुख्यमंत्री, ज्यांच्या शिक्षण योजनेविरुद्ध द्रविड चळवळीने रान उठवले. दोघांची मैत्री मात्र शेवटपर्यंत टिकली. डिसेंबर १९७२ मध्ये राजाजींच्या अंत्यसंस्काराला पेरियार चाकाच्या खुर्चीतून आले आणि रडले. त्याच राज्यात नंतर द्रमुक आणि अण्णा द्रमुक यांचे वैर इतके विकोपाला गेले, की १९८७ मध्ये अण्णा द्रमुकचे नेते एमजीआर गेल्यावर उसळलेल्या जमावाने द्रमुकच्या करुणानिधींचा पुतळा फोडला. जयललितांच्या पार्थिवाचे दर्शन घ्यायला स्टालिन डिसेंबर २०१६ मध्ये गेले आणि करुणानिधींच्या दर्शनाला ऑगस्ट २०१८ मध्ये मुख्यमंत्री पलानीस्वामी गेले, याची तेथे एवढी दखल का घेतली गेली ते या पार्श्वभूमीवर कळते.

इटलीचे उदाहरण तर थक्क करणारे आहे. जून १९८४ मध्ये कम्युनिस्ट नेते एन्रिको बर्लिंग्वेर यांचे पार्थिव रोममधल्या पक्षकार्यालयात ठेवले होते. तेथे नवफॅसिस्ट पक्षाचे नेते जॉर्जो आल्मिरांते दर्शनाला आले. ज्या दोन पक्षांचे कार्यकर्ते रस्त्यावर एकमेकांचे रक्त सांडत होते, त्यांतल्या एकाच्या दारात दुसऱ्याचा नेता आला होता. चार वर्षांनी आल्मिरांते गेले तेव्हा कम्युनिस्ट नेत्या नील्दे योत्ती आणि जुने प्रतिकारयोद्धे जानकार्लो पायेत्ता त्यांच्या दर्शनाला गेले.

राष्ट्रांच्या पातळीवर हाच युक्तिवाद राजशिष्टाचाराच्या भाषेत मांडला जातो. ताश्कंद येथे ११ जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्री गेले, तेव्हा त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान होते. दोन देशांमधली युद्धबंदी होऊन चार महिनेही झाले नव्हते. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या अंत्यसंस्काराला झिया उल हक दिल्लीत आले होते.

न जाणाऱ्यांची बाजू

न जाण्यामागे निव्वळ द्वेष असतो असे मानणे अन्यायाचे ठरेल. या पक्षाचा गाभा असा आहे: नेत्याच्या धोरणाने ज्यांचे संसार मोडले, त्यांच्या वतीने कोण उभे राहणार? मार्गारेट थॅचर यांच्या अंत्यविधीला १७ एप्रिल २०१३ रोजी टोनी ब्लेअर, गॉर्डन ब्राउन आणि एड मिलिबँड हे मजूर पक्षाचे नेते उपस्थित होते. त्याच दिवशी यॉर्कशरमधल्या गोल्डथॉर्प या खाणगावात लोकांनी थॅचर यांचा पुतळा जाळला. खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप मोडल्यानंतर आणि खाणी बंद पडल्यानंतर त्या गावाचे काय झाले हे लक्षात घेतले, तर तो संताप समजतो. पुतळा जाळणे योग्य होते की नाही हा वेगळा प्रश्न. पण त्या गावाचा प्रतिनिधी लंडनमधल्या चर्चमध्ये बसला नाही, तर त्याला असंस्कृत म्हणता येईल का?

इस्रायलमध्ये हा पेच सप्टेंबर २०१६ मध्ये स्पष्ट दिसला. शिमॉन पेरेस यांच्या अंत्यविधीला पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास गेले आणि हमासने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. इस्रायली संसदेतल्या अरब पक्षांच्या आघाडीचे खासदार मात्र गेले नाहीत. एकाच समाजाचे नेते, एकच मृत्यू, आणि दोन उलट निर्णय. अब्बास यांच्यापुढे वाटाघाटींचा प्रश्न होता, खासदारांपुढे मतदारांच्या आठवणींचा. दोघांची कारणे खरी होती.

याच बाजूचा दुसरा आक्षेप भाषणांवर आहे. माणूस मेला की त्याचे सगळे गुण बाहेर येतात आणि निर्णयांची चिकित्सा काही आठवडे थांबते. तोवर वर्तमानपत्रांत जे छापून येते तेच इतिहासाचा पहिला मसुदा ठरते. हा आक्षेप गंभीर आहे. मात्र तो खरे तर जाण्याविरुद्ध नाही, तेथे खोटे बोलण्याविरुद्ध आहे. या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे वाद निष्कारण वाढतो, असे या चर्चेकडे पाहताना वाटते.

अनुपस्थितीची किंमतही दीर्घकाळ मोजावी लागते. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत सावरकर गेले. सरकारने अधिकृत दुखवटा पाळला नाही आणि महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळातले कोणी अंत्ययात्रेला आले नाही, अशी नोंद चरित्रकार करतात. पंतप्रधान इंदिरा गांधींनी शोकसंदेश दिला आणि पुढे १९७० मध्ये टपाल तिकीटही निघाले. तरीही त्या दिवशीची गैरहजेरी आजच्या राजकारणात पुराव्यासारखी मांडली जाते. गांधीहत्येच्या खटल्यात सावरकर निर्दोष सुटले असले, तरी त्या खटल्याची छाया तेव्हाच्या काँग्रेसजनांच्या मनावर होती, हे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. दोन्ही गोष्टी नोंदवल्याशिवाय हे उदाहरण वापरणे बरोबर नाही.

घरच्यांचा शब्द

वरील दोन्ही बाजू नेत्याच्या दृष्टीने विचार करतात. तिसरी बाजू मृताच्या कुटुंबाची आहे, आणि गेल्या काही वर्षांत तिने चर्चेची दिशा बदलली आहे.

सोमनाथ चटर्जी यांचे उदाहरण बोलके आहे. लोकसभेचे अध्यक्षपद सोडण्यास नकार दिला म्हणून मार्क्सवादी पक्षाने त्यांना २००८ मध्ये काढून टाकले. ऑगस्ट २०१८ मध्ये ते कोलकात्यात गेले, तेव्हा पार्थिवावर पक्षाचा लाल झेंडा घालण्यास कुटुंबाने नकार दिला. मानवंदना दिली ती ममता बॅनर्जींच्या सरकारने. याच ममतांनी १९८४ मध्ये जादवपूरला चटर्जींना हरवून संसदेत पहिले पाऊल टाकले होते. विरोधक जवळचा झाला आणि आपला पक्ष परका ठरला. उलट ऑगस्ट २०२४ मध्ये बुद्धदेव भट्टाचार्य गेले तेव्हा ममता त्यांच्या घरी गेल्या आणि शासकीय इतमामाची तयारी त्यांनी दाखवली. पण कुटुंब आणि पक्षाने मानवंदना स्वीकारली नाही आणि देहदान केले. केरळमध्ये ओमन चंडी यांच्या इच्छेप्रमाणे जुलै २०२३ मध्ये शासकीय इतमाम टाळण्यात आला.

अमेरिकेत सिनेटर जॉन मॅकेन यांनी जिवंतपणीच ठरवून ठेवले होते, की आपल्याला अध्यक्षपदाच्या शर्यतीत हरवणारे दोघे, जॉर्ज बुश आणि बराक ओबामा, आपल्या अंत्यविधीत बोलतील. सप्टेंबर २०१८ मध्ये तसेच झाले. त्याच वेळी आपल्याच पक्षाच्या विद्यमान अध्यक्षांना, डोनाल्ड ट्रम्प यांना, निमंत्रण नव्हते.

पक्षांतर्गत विरोधकांच्या वाट्याला अनेकदा बाहेरच्या विरोधकांहून जास्त कठोर वागणूक येते. रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले पी. व्ही. नरसिंह राव डिसेंबर २००४ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे पार्थिव दिल्लीतल्या काँग्रेस मुख्यालयाच्या आत नेले गेले नाही. अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. या विषयावरची चर्चा पक्षांच्या सीमेवरच थांबते आणि हा भाग तिच्यातून नेहमी निसटतो.

सरकारी इतमामाचा प्रश्न

नेता व्यक्ती म्हणून गेला तर तो त्याचा निर्णय. सरकारने तोफांची सलामी दिली तर तो सगळ्यांच्या नावाने झालेला सन्मान ठरतो. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवाजी पार्कवर बाळासाहेब ठाकरे यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांनी कधीही शासकीय पद भूषवले नव्हते. तरी काँग्रेस आघाडीच्या सरकारने त्यांना शासकीय इतमाम दिला. शरद पवार, लालकृष्ण अडवाणी, सुषमा स्वराज तेथे होते. लाखोंच्या भावनेची कदर झाली, असे एका बाजूने म्हटले गेले. १९९२-९३ च्या दंगलींबाबत श्रीकृष्ण आयोगाने जे नोंदवले, त्यानंतर हा सन्मान कसा, असे दुसऱ्या बाजूने विचारले गेले. त्याच दिवसांत पालघरमध्ये, ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबाबत फेसबुकवर मांडलेल्या मतावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यावर देशभर उठलेल्या आवाजातून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले. नेत्यांनी स्वेच्छेने दाखवलेला आदर नागरिकांवर सक्तीचा होऊ नये, हा धडा या प्रकरणाने दिला.

दक्षिण आफ्रिकेने यावर एक वेगळा मार्ग दाखवला. वर्णद्वेषी राजवटीचे अध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा २००६ मध्ये गेले. सत्य आणि सलोखा आयोगापुढे येण्यासही त्यांनी नकार दिला होता. सरकारने शासकीय अंत्यविधी देऊ केला, कुटुंबाने तो नाकारला, आणि अध्यक्ष थाबो म्बेकी साध्या अंत्यविधीला उपस्थित राहिले.

याने काही बदलते का?

अशा भेटींनी राजकारण निवळते, ही अपेक्षा तपासून पाहावी लागते. टिळक गोखल्यांच्या चितेपुढे बोलले, पण जहाल मंडळी काँग्रेसमध्ये परतली ती १९१५ च्या अखेरीस घटनेत बदल झाल्यावर आणि फिरोजशहा मेहतांच्या निधनानंतर. टिळक अधिवेशनाला गेले ते १९१६ मध्ये लखनौला. अयुब खानांनी खांदा दिला, पण सहा वर्षांच्या आत दोन्ही देश पुन्हा युद्धात उतरले. उत्तर आयर्लंडमध्ये मार्च २०१७ मध्ये मार्टिन मॅकगिनेस यांच्या अंत्यविधीला प्रतिस्पर्धी पक्षाच्या नेत्या अर्लीन फॉस्टर आल्या. मॅकगिनेस ज्या आयआरएचे सेनानी होते, त्या संघटनेने फॉस्टर यांच्या वडिलांवर गोळ्या झाडल्या होत्या. चर्चमधल्या लोकांनी फॉस्टर यांचे टाळ्यांनी स्वागत केले. तरीही तिथले कोसळलेले सरकार जानेवारी २०२० पर्यंत उभे राहिले नाही. मंडेलांच्या शोकसभेत २०१३ मध्ये ओबामा आणि राऊल कास्त्रो यांनी हात मिळवले तेव्हा दोन देशांची गुप्त बोलणी आधीच सुरू झाली होती. म्हणजे हस्तांदोलनातून समेट निघाला नव्हता, सुरू असलेल्या समेटातून हस्तांदोलन निघाले होते.

तेव्हा अंत्ययात्रेकडून राजकीय चमत्काराची अपेक्षा करणे चूक आहे. तिचे मोल मर्यादित आहे: समोरच्याचे लोक आपलेही नागरिक आहेत, एवढे त्या दिवशी कबूल केले जाते. एवढ्यापुरते तिचे मोल पक्के आहे.

हे मान्य केले तरी काही प्रश्न उरतात. गोव्यात मार्च २०१९ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्यावर मिरामारला अंत्यसंस्कार झाले आणि त्याच रात्री दोनच्या सुमारास प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला. काँग्रेसनेही त्या दिवशी सत्तेवर दावा सांगितला होता. राज्य रिकामे ठेवता येत नाही हे खरे, पण शोकाला किती तास द्यायचे याचा कोणताही संकेत आपल्याकडे ठरलेला नाही. स्मारकाच्या जागेचे नियम कोणी आणि केव्हा ठरवायचे, पद न भूषवलेल्या नेत्याला तोफांची सलामी कोणत्या कसोटीवर द्यायची, आणि विरोधकाने श्रद्धांजलीत मतभेदाचा उल्लेख करावा की नाही, हे प्रश्नही मोकळेच आहेत.

पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत दशक्रिया विधी हे पुढाऱ्यांचे व्यासपीठ होऊन बसले. नदीकाठी घरचे लोक उन्हात थांबतात आणि सगळ्या पक्षांचे नेते ओळीने श्रद्धांजलीची भाषणे करतात. त्याला कंटाळून काही गावांनी अशी भाषणे बंद करण्याचे ठराव केले. सर्व पक्षांनी त्या गावांचे अनुकरण करावे: कुटुंबाला विचारूनच जावे, स्मशानात भाषण करू नये, आणि कोण आले नाही याचा हिशेब दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत मांडू नये. यासाठी कायदा लागत नाही. विधिमंडळातल्या गटनेत्यांच्या एका बैठकीत हे ठरू शकते.